दत्तू भोकनळ आणि वैनगंगेकाठची पोरं

तळेगाव रोही हे नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं गाव. कांद्याचा पट्टा, आणि उन्हाळा लागला की टँकरची वाट बघणारा. दत्तू भोकनळ तिथला. वडील विहिरी खोदायचे, दत्तूही त्यांच्यासोबत खाली उतरून खोदायचा. २०११ मध्ये वडील कॅन्सरने गेले आणि घर या पोरावर आलं. पेट्रोल पंपावर काम करत त्याने शिक्षण रेटलं, २०१२ मध्ये सैन्यात लागला, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये. तिथल्या प्रशिक्षकांनी त्याची उंची हेरली आणि त्याला होडीत बसवलं. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची, हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. त्यानंतर चारेक वर्षांत तो रिओ ऑलिंपिकला होता. रोइंगमध्ये भारताचा एकटा खेळाडू.

मी हे भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या एका गावात बसून लिहितो आहे. आमच्या शाळेच्या मैदानापलीकडे धानाचे बांधे आणि बांध्यांपलीकडे वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं पाणी. मी शाळेत पीटी शिकवतो. वर्गातली निम्मी पोरं कास्तकारांची, बाकीची धिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची. धिवराचं पोरगं सहावी-सातवीत गेलं की डोंगा, म्हणजे आमची लहान होडी, एकट्याने नेतं. तरीही आमच्या पंचक्रोशीत एकाही पोराला रोइंग नावाचा खेळ असतो हे माहीत नव्हतं. टीव्हीवर रिओची शर्यत लागली तेव्हा आठवीतल्या एकाने मला विचारलं, "सर, हा मानूस उलटा काहून बसला?"

तेव्हापासून हा खेळ मी जमेल तसा समजून घेतो आहे. वाचतो, शर्यती बघतो, पुण्याला गेलो की नदीकाठी जाऊन उभा राहतो. पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब कित्येक दशकं मुळा नदीवर आहे, लष्कराचं रोइंगचं केंद्रही तिथेच. जितकं समजत गेलं तितकी एक गोष्ट पक्की होत गेली. पाण्याकाठी जन्मलेली पोरं या खेळात आपोआप पुढे जातील असं आपण धरून चालतो, आणि ते खरं नाही.

भारतासाठी आशियाई स्पर्धेत रोइंगचं पहिलं सुवर्ण आणलं बजरंगलाल ताखरने, २०१० मध्ये ग्वांगझूला. तो राजस्थानातल्या सीकरचा. तिकडे नदीला बारमाही पाणी नसतं. स्वर्ण सिंग आणि सुखमीत सिंग पंजाबच्या मानसा जिल्ह्यातले, शेतकऱ्यांची पोरं. दत्तू चांदवडचा. सगळ्यांना होडी दिसली ती सैन्यात गेल्यावर. केरळच्या खाडीत किंवा गंगेच्या काठावर वाढलेली पोरं या यादीत का नाहीत, आमची धिवरांची पोरं का नाहीत, हा प्रश्न मग मला पाण्याचा वाटेनासा झाला.

आमचा डोंगा आधी सांगतो. दोन फळ्या जोडल्यासारखा अरुंद, तळ चपटा, डांबर फासलेलं. एकजण मागे बसतो किंवा उभा राहतो, तोंड जायच्या दिशेला, हातात एक वल्हं. उथळ पाण्यात बांबूने रेटतो. ताकद खांद्याची आणि कमरेची, पाय नुसते तोल धरतात. रोइंगची होडी याच्या अगदी उलट. सिंगल स्कल म्हणजे एकट्याची होडी, साधारण आठ मीटर लांब, रुंदी माणूस कसाबसा मावेल एवढी, आणि वजन अवघं चौदा किलो. नियमच आहे की चौदा किलोपेक्षा कमी नको. दोन हातांत दोन वल्ही, प्रत्येक माणसाहून उंच. पाय बुटांत आणि बूट होडीला पक्के. बसायची सीट रुळांवर मागेपुढे सरकते. पाठ जायच्या दिशेला. पाते पाण्यात पडलं की आधी पायांनी रेटायचं, मग पाठ उघडायची, हात सगळ्यात शेवटी. ताकदीचा मोठा वाटा पायांचा, हात नुसते जोडणारे. अशी दोन हजार मीटरची शर्यत, सात मिनिटांच्या आसपास, मिनिटाला तीसहून जास्त वल्ही.

हे मी कागदावर वाचलं होतं. खरं कळलं ते नागपुरात.

आमच्या शाळेतून बारावी झालेला एक धिवराचा पोरगा आहे. सहा फुटांच्या वर. आमच्या भागात एवढी उंची क्वचित. हात गुडघ्याच्या जवळ पोचतात. बापासोबत संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे चारला काढायची, मग मासोळ्या बाजारात, मग भरतीच्या पोरांसोबत रस्त्यावर धावायला. नागपुरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची जिम आहे, तिथे रोइंगचं मशीन आलं होतं. अर्गोमीटर म्हणतात, खेळाडू नुसतं अर्गो म्हणतात. समोर पंख्याचं चाक, त्याला साखळी, साखळीला दांडा, खाली रुळावर सरकती सीट, आणि पाचशे मीटरला किती वेळ लागतोय ते सतत दाखवणारा छोटा पडदा. मी पोराला घेऊन गेलो.

तो बसला, दांडा धरला आणि डोंग्यात ओढतात तसा खांद्यांनी ओढला. सीट जागची हललीच नाही. पाय सरळ, पाठीला पोक, दोन्ही खांदे कानाजवळ. जिमवाल्याने थांबवलं. त्याच्या गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, आधी हे. हे सरळ होईपर्यंत हात वाकवायचा नाही. पोराला ते पटेना. दहा वर्षं पाण्यावर ज्या अंगाने काम केलं ते अंग ऐकेना. पुन्हा पुन्हा हात आधी वाकायचे. मग कधीतरी, मी नेमका चाकाकडे बघत होतो तेव्हा, आवाज बदलला. आधी खडखड तुटक होती, आता एक लांब घुंऽऽ आला, साखळी सरळ रेषेत मागे गेली आणि पोरगा सीटसकट मागे सरकला. त्याच्याही लक्षात आलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं त्याने.

मग दोन हजार मीटर. पहिले पाचशे पावणेदोन मिनिटांत. मी ओरडत होतो, हळू घे, हळू घे. दुसऱ्या पाचशेला दोन मिनिटं. तिसऱ्या पाचशेत त्याचे ओठ पांढरे पडले, दांडा छातीऐवजी पोटावर यायला लागला, पण सोडला नाही. आठ मिनिटं व्हायच्या किंचित आधी संपवलं आणि सीटवरून कुशीवर खाली घसरला. बराच वेळ मांड्या धरून पडून राहिला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "सर, याच्यात पायच मरते. डोंग्यात तं पाय बसूनच रायते."

जगातले पहिल्या फळीचे पुरुष रोअर हेच अंतर मशीनवर सहा मिनिटांच्या आत काढतात. मधली दोन मिनिटं म्हणजे काही वर्षांची मेहनत, रोजचा दोन वेळचा पाण्यावरचा सराव, मशीन, वजनं, आणि पोटभर खाणं. पण आयुष्यात पहिल्यांदा दांडा धरलेल्या पोराने शेवटचे पाचशे मीटर ज्या तऱ्हेने काढले ते मी बघितलं आहे. ते शिकवता येत नाही.

दत्तूला असं काही विसरावं लागलं नसणार. त्याच्या अंगात डोंगा नव्हता. त्याच्या अंगात विहीर होती. पहारीचा घाव घालायचा तर पाय रोवून, कंबर वाकवून, पाठीच्या जोरावर. माती-दगडाची पाटी वर द्यायची तर मांड्यांतून उठायचं. विहीर खोदणाऱ्याची पाठ आणि मांडी मी आमच्याकडेही बघितली आहे, आणि रोइंगच्या प्रशिक्षकाला नेमकं तेच हवं असतं असं आता मला वाटतं. शिवाय एक सवय: वर उजेड आहे, काम खाली आहे, आणि आज पाणी लागणार नाही हे ठाऊक असूनही दिवसभर खोदायचं. रोज तोच हात, तोच कोन, हजारो वेळा. रोइंगचा सराव याहून वेगळा नसतो.

म्हणून मला वाटतं, या खेळासाठी नदी शोधण्याआधी माणूस शोधावा लागतो. आणि माणूस शोधायला मोजणारा डोळा लागतो. खडकीला तो होता. पोरगं उंच आहे, हातांचा पल्ला लांब आहे, अंगमेहनतीचं आहे, ओरडा ऐकून रडत नाही, एवढं ओळखणारा सुभेदार तिथे उभा होता. आमच्या गावाच्या रस्त्यावर तो उभा नाही.

रस्त्यावरचं सांगायला हवं. पवनी असो, लाखांदूर असो, अड्याळ असो, पहाटे साडेचारला बाहेर पडा. धुक्यात मोबाईलचे टॉर्च हलताना दिसतील. ही भरतीची पोरं. पोलीस भरतीला सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. सैन्याला सोळाशे मीटर, बीमवर पुलअप्स, नऊ फुटांचा खड्डा. सैन्यात पूर्ण गुण हवे असतील तर सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत यायला हवं. आता बघा, साडेपाच मिनिटांचं धावणं आणि सात मिनिटांचं रोइंग, शरीराला दोन्हीत जवळजवळ एकच काम पडतं. पहिल्या मिनिटाला दमायला होत नाही, दुसऱ्या मिनिटाला मांड्या भरून येतात, आणि त्यानंतर शेवटपर्यंत श्वास आणि जळजळ यांचं भांडण. आमची शेकडो पोरं रोज सकाळी याच भांडणाची तयारी करतात आणि ज्यांचं भरतीत होत नाही ती पंचविशीत शेतावर, नागपूरला कंपनीत, नाहीतर हैदराबादला मजुरीला जातात. त्यांच्यातल्या चार-पाच जणांना कुणी एकदा मशीनवर बसवून बघितलं असतं तर?

पाण्याची कमतरता नाही, हे मी मुद्दाम सांगतो. भंडारा-गोंदियाला तलावांचा प्रदेश म्हणतात ते उगाच नाही. कोहळी लोकांनी गोंड राजवटीत बांधलेले तलाव अजून धानाला पाणी देतात, कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. नवेगावबांध तर कोलू पाटील कोहळीच्या नावाने ओळखला जातो. आणि गोसेखुर्द. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेलं हे धरण, बांधाची लांबी अकरा किलोमीटरहून जास्त. पाणी अडल्यावर वरच्या अंगाला जो फुगवटा आला त्यात गावं गेली, वावरं गेली, लोकांचे मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळले. दोन किलोमीटरची सरळ, संथ पट्टी आमच्याकडे हवी तिथे मिळेल. डिसेंबरच्या सकाळी वारा नसतो, पाण्यावर सुरकुती नसते. पण याच पाण्यात नागपूरचं सांडपाणी येतं. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. जलपर्णी इतकी वाढते की डोंगा काठाला लावता येत नाही. नदीतल्या मासोळ्यांच्या कितीतरी जाती आता जाळ्यात येत नाहीत, असं म्हातारे धिवर सांगतात. मशीनवर बसलेल्या त्या पोराचा बाप मला म्हणाला, "सर, मासोळ्या रायल्या असत्या तं मी त्याले भरतीले पाठोलंच नसतं."

रोइंगला नदीपेक्षा जास्त काय लागतं ते दत्तूच्या आयुष्यात दिसतं. होडी काही लाखांची, बहुतेक परदेशी बनावटीची. मशीन लाखाच्या पुढे. खुराक म्हणाल तर पूर्ण सरावातल्या पुरुष रोअरला दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी लागतात. आमच्याकडे भात, वरण, भाजी, कधी झिंगे, कधी अंडं. त्यात एवढ्या कॅलरी बसवायच्या म्हणजे घरातल्या बाकी तिघांचं ताट याच्या पुढ्यात ठेवावं लागेल. सैन्य होडी देतं, मशीन देतं, प्रशिक्षक देतं, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जेवण देतं आणि दर महिन्याला घरी पैसे जातात. बाप नसलेल्या पोराला सकाळी दोन तास पाण्यात घालवताना घरचं काय, ही चिंता नसते. दत्तूकडे हे नसतं तर तो किती उंच होता याला काही अर्थ उरला नसता.

आता रिओ. सिंगल स्कल्समध्ये हीटला, म्हणजे पहिल्या फेरीत, तो तिसरा आला, म्हणजे उपांत्यपूर्व फेरी. तिथे चौथा. पहिले तीन पुढे जाणार होते. आपल्याकडच्या बातम्यांमध्ये तिथेच तो संपला. पण रोइंगमध्ये हरलेला घरी जात नाही, त्याला खालच्या क्रमांकांसाठी उतरावंच लागतं. पदक नाही, कॅमेरा नाही, पण दोन हजार मीटर तेवढेच आणि मांड्या तशाच जळणार. दत्तू फायनल सी मध्ये, म्हणजे तेराव्या ते अठराव्या क्रमांकासाठीच्या शर्यतीत, उतरला आणि पहिला आला. सहा मिनिटं ५४.९६ सेकंद. एकूण तेरावा. त्या वर्षी सुवर्णपदकाच्या फायनलमध्ये न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन दोघांची वेळ सहा मिनिटं ४१.३४ सेकंद अशी सारखीच लागली, आणि फोटो बघून ड्रायस्डेलला सुवर्ण दिलं गेलं. म्हणजे आमचा विहीर खोदणारा पोरगा जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाच्या चौदा सेकंदांच्या आत होता. चार वर्षांच्या शिकण्यावर. मी पोरांना हा आकडा फळ्यावर लिहून दाखवतो.

त्या वर्षीच त्याच्या आईला अपघात झाला होता, डोक्याला मार लागला होता. मुलगा कुठे गेलाय हे तिला उमगेल अशी तिची अवस्था नव्हती. हे वाचल्यापासून मी त्याची ती फायनल सीची शर्यत वेगळ्या नजरेने बघतो. घरी जाऊन जिला सांगायचं तिला कळणार नाही, वरच्या पदकांशी या शर्यतीचा संबंध नाही, आणि तरी त्याने ती जिंकायला वल्हवली.

दोन वर्षांनी इंडोनेशियात आशियाई स्पर्धा. रोइंग पालेमबांगला होतं. २३ ऑगस्ट २०१८ चा दिवस भारतीय रोअरसाठी वाईट गेला. सिंगल स्कल्सच्या फायनलमध्ये दत्तू शेवटी राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुष्यंत चौहान लाइटवेट, म्हणजे कमी वजनाच्या गटातल्या, सिंगलमध्ये कांस्य घेऊन आला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं, इतकं त्याने स्वतःला पिळून काढलं होतं. रोहित कुमार आणि भगवान सिंगने आणखी एक कांस्य आणलं. मग चौघांची होडी, क्वाड्रपल स्कल्स: स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओमप्रकाश, सुखमीत सिंग. सहा मिनिटं १७.१३ सेकंद, सुवर्ण. आदल्या दिवशी एकट्याच्या होडीत कोसळलेला माणूस चोवीस तासांत पुन्हा बसतो आणि बाकी तिघांच्या हातात हात मिळवून वल्हवतो. चौघांची होडी म्हणजे चार माणसांची पाती एकाच क्षणी पाण्यात पडली पाहिजेत. एकजण अर्धा सेकंद उशिरा आला तरी बाकी तिघांची मेहनत वाया जाते. धानाची रोवणी करणाऱ्या बायांची रांग बघितलीय ना? एकीचा हात मागे पडला की सगळी ओळ वाकडी जाते, तसंच.

या सुवर्णानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पालेमबांगच्या त्या सिंगलच्या शर्यतीत तो अर्ध्यात थांबला म्हणून २०१९ मध्ये रोइंग फेडरेशनने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. आपण आजारी होतो असं तो सांगत होता. २०२० च्या सुरुवातीला ती बंदी उठवली गेली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. मधला काळ त्याचा कसा गेला असेल याचा अंदाज मी करू शकतो, कारण खेळाडूचं अंग दोन वर्षं वाट बघत नाही. पंचविशी ते तिशी, रोअरची हीच खरी वर्षं. त्यातला एकेक हंगाम मोलाचा असतो. पाठीचा कणा आणि बरगड्या या खेळात सगळ्यात आधी बोलायला लागतात. बरगडीला बारीक तडा जाणं हे रोअरचं नेहमीचं दुखणं आहे, आणि ते विश्रांतीशिवाय भरत नाही. एवढं करून मैदानाबाहेर आलेल्याला ओळखणारे लोक किती? तेरावा नंबर पेपरात मोठ्या अक्षरांत येत नाही. मला यावर राग येतो, आणि तो मी पोरांपासून लपवत नाही.

आमच्या पोरांसाठी मला एक वाट जास्त खुली वाटत होती, लाइटवेटची. या गटात पुरुषाचं वजन साडेबहात्तर किलोच्या वर चालत नाही. विदर्भातली बारीक, काटक पोरं या मापात नीट बसतात. टोकियोला अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग याच गटात डबल स्कल्समध्ये अकरावे आले, ती त्या वेळेपर्यंतची ऑलिंपिकमधली भारतीय रोइंगची सर्वोत्तम कामगिरी होती. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्या दोघांनी रौप्य जिंकलं. पण २०२४ चं पॅरिस हे ऑलिंपिकमधलं लाइटवेटचं शेवटचं वर्ष ठरलं. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये हा गट नाही. त्याऐवजी समुद्रकिनाऱ्यावरची शर्यत आली आहे, किनाऱ्यावरून धावत होडीकडे जायचं, लाटांमधून वल्हवायचं, परत किनाऱ्यावर धावायचं. बारीक चणीच्या देशांवर हा अन्याय आहे असं माझं मत आहे. पण धावत जाऊन होडीत उडी मारणं आणि हलत्या पाण्यात तोल सांभाळणं आमच्या पोरांना कुणी शिकवायची गरज नाही, हेही मनात येतंच.

सैन्याची वाटही बदलली. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून होते, चार वर्षांसाठी, त्यातले जास्तीत जास्त एक चतुर्थांश पुढे कायम होतात. दत्तूला होडीत बसल्यापासून ऑलिंपिकपर्यंत पोचायला साधारण तेवढाच काळ लागला होता. आधीच पदक घेऊन येणाऱ्या खेळाडूंसाठी सैन्यात वेगळा दरवाजा आहे. पण ज्याने आयुष्यात होडी बघितली नाही, ज्याला कुणीतरी उंची बघून बाजूला काढायचं आहे, त्याच्या हातात आता वेळ कमी आहे. म्हणून पोरगं भरतीला जाण्याआधीच, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, त्याने दांडा धरलेला असायला हवा, आणि ते काम शाळेचं आहे. सैन्याचा सुभेदार आमच्या गावात येणार नसेल तर त्याचं अर्धं काम मला करावं लागेल.

आणि पोरींचं काय? दहावीत एक मुलगी आहे, पाच फूट नऊ इंच. रोवणीच्या दिवसांत शाळा बुडवून आईसोबत चिखलात दिवसभर वाकते आणि संध्याकाळी कबड्डी खेळायला येते, पाठ दुखते असं तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. तिच्यासाठी सैन्याचा दरवाजा अग्निवीरमध्ये फक्त मिलिटरी पोलिसापुरता उघडा आहे. तिच्या आईला मी रोइंगबद्दल सांगायला गेलो. आई तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोट्टीले तिकडं जेवाले काय देतेत, मास्तर? अन् रायाची सोय बायांची आहे का?" मी होय म्हणालो नाही, चौकशी करतो म्हणालो. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही, मीच विचारला, पोरीला पोहता येतं का. आई म्हणाली, "तलावाच्या काठाची पोर आहे, येनारच ना."

चौकशी चालू आहे. पुण्यातल्या एका ओळखीच्या प्रशिक्षकांनी सांगितलं की पोरांची उंची, बसल्यावरची उंची आणि दोन्ही हात पसरल्यावरचा पल्ला मोजून पाठवा, आधी तेवढंच. मी आठवी ते बारावीची सगळी पोरं-पोरी मोजली. भिंतीवर खडूने रेघा मारल्या, शिंप्याची टेप वापरली. धिवरपुऱ्यातली पोरं बसल्या उंचीला लांब निघतात, असं माझ्या पाहणीत दिसलं. कमरेवरचा भाग लांब असणं रोइंगला उपयोगी असतं, म्हणून तो तक्ता मी दोनदा तपासला. मशीन जुनं मिळालं तरी चालेल, चाक फिरलं पाहिजे आणि साखळी तुटकी नको, एवढंच जिमवाल्याला सांगून ठेवलं आहे. शाळेच्या मागच्या खोलीतले मोडके बाक गावातल्या सुताराने दुरुस्तीला नेले आहेत. खोली रिकामी आहे, तिथे वीज आहे, पत्रा गळत होता तो मृगाच्या आधी बदलून घेतो. नागपुरात मशीनवर बसलेला तो पोरगा आता रोज सकाळी धावून आल्यावर मला विचारतो, मशीन कधी येतं.